वीज रानात पडते आणि रेडिओ आमच्या स्लॅबवरचा जळतो, असं का?

पत्र: नमस्कार दादा. अंबाजोगाईपासून पंधरा-एक किलोमीटरवर आमची वस्ती आहे, मी घरातच ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर चालवते. फायबर अजून आमच्यापर्यंत आलेलं नाही म्हणून स्लॅबवर २० फुटी लोखंडी पाईप उभा करून त्यावर नेटचा रेडिओ, म्हणजे लांबच्या टॉवरवरून नेट पकडणारं यंत्र, बसवलाय. दोन वर्षांत तिसरा रेडिओ जळाला. घरावर वीज एकदाही पडली नाही, मागच्या वेळी तर पलीकडच्या रानात लिंबावर पडली, तरी आमचा रेडिओ, राउटर आणि कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट (नेटची वायर खुपसतात ते भोक) सगळं गेलं. बसवणारा म्हणतो विजेपुढे कोण काय करणार, वॉरंटीत बसत नाही. चुलत सासरे म्हणतात पाईपाला अर्थिंग करू नका, अर्थिंग केली की वीज ओढली जाते. शिवाय शेतातल्या मोटरी चालू झाल्या की नेट तुटतं ते वेगळंच. ढग आले की मालक स्लॅबवर पळत जाऊन वायर काढतात, मला त्याचीच जास्त भीती वाटते. काय करू? — एक वाचक ताई

उत्तर: ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो कारण बाकी सगळं त्याच्यानंतर. मालकांना आज संध्याकाळी जेवताना सांगा, गडगडायला लागलं की स्लॅबवर पाय ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. ओला स्लॅब, वस्तीतला सगळ्यात उंच लोखंडी पाईप आणि हातात त्याच पाईपावरून आलेली वायर, यापेक्षा वाईट जागा त्या वेळी पूर्ण शिवारात नसेल. रेडिओ जळला तर जळू द्या, तो परत विकत मिळतो.

आणि वायर काढायला वर जायची गरजच नाही. ती वायर खाली तुमच्या खोलीत येऊन ज्या छोट्या काळ्या डब्बीत घुसते ना, पीओई अ‍ॅडाप्टर म्हणतात तिला, हीच त्या वायरीतून वर रेडिओला पॉवर देते, तिथेच वायर उपसायची, अ‍ॅडाप्टरचा प्लग बोर्डातून काढायचा आणि वायरचं टोक बाकीच्या सामानापासून दोन-तीन फूट लांब ठेवून द्यायचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणातली फट इतकी बारीक असते की वीज ती सहज ओलांडते. पण हेसुद्धा वादळ डोक्यावर यायच्या आधी. कडकडाट सुरू झालाय आणि तुम्ही विसरलात तर विसरलात, आता हात लावू नका. अंदाज कसा घ्यायचा तर चमक दिसली की मोजायला लागा, आवाज यायला ३ सेकंद लागले तर वीज साधारण १ किलोमीटरवर, ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर १० किलोमीटरच्या आत, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग परत जोडायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेलं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, मराठीतही चालतं, तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या गोलात विजा कुठे पडतायत ते दाखवतं. सेंटरच्या मोबाईलवर आजच टाका. एप्रिल-मे मधला वळीव, जूनची सुरुवात आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, आपल्या मराठवाड्यात विजेचा मुख्य त्रास याच दिवसांत असतो, तेव्हा रात्री सेंटर बंद करताना वायर काढायची सवयच लावून घ्या, ढग असोत नसोत.

मी हे इतकं कळवळून का सांगतोय तर एकदा स्वतः बघितलंय. एका गावात रॅकजवळ बसून केबलच्या टोकाला कनेक्टर लावत होतो, वर ऊन होतं, ढग लांब डोंगरावर दिसत होते, आपल्याकडे काय येतंय म्हणून काम चालू ठेवलं. तिकडे लांब वीज चमकली आणि माझ्या हातातल्या कनेक्टरच्या सोनेरी पिना आणि रॅकचा पत्रा यांच्यामध्ये चट् करून निळी ठिणगी उडाली, पाव इंचाची असेल. केबल कशालाच जोडलेली नव्हती, नुसती गच्चीवरून खाली आलेली होती. त्या दिवसापासून आभाळात गडगड असेल तर मी केबलला हात लावत नाही आणि माझ्या पोरांनाही लावू देत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वीज लिंबावर पडली तर तुमचा रेडिओ कसा जळला. विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअरचा करंट असतो, तुमच्या घरातला अख्खा मीटर १५-२० अँपिअरवर चालतो यावरून बघा, आणि तो करंट सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत शून्यावरून तिथपर्यंत चढतो. एवढा करंट एवढ्या घाईत कुठेही वाहिला की आजूबाजूच्या प्रत्येक लांब तारेत, तिला न शिवता, दाब तयार होतो. तुमची स्लॅबवरून खाली आलेली लॅनची वायर ३०-३५ मीटर तरी असेल, आणि दुसऱ्या बाजूने डीपीकडून (लाईटच्या ट्रान्सफॉर्मरकडून) आलेली लाईटची वायर, दोघींत वेगवेगळा दाब चढतो, आणि दोघी भेटतात कुठे तर तुमच्या टेबलावर. लॅन पोर्टच्या आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात ते साधारण १५०० व्होल्टचा धक्का सोसतील असे बनवलेले असतात, जवळ वीज पडली की दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो. एक बैल इकडे आणि एक तिकडे ओढायला लागला की मधलं जू मोडतं, तुमचा राउटर आणि कॉम्प्युटरचा पोर्ट ते जू आहे. दोन्ही बैल एकाच वेळी एकाच बाजूला चालले तर कितीही जोरात चालू देत, जू शाबूत राहतं. पुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळं एवढ्यासाठीच, की घरात येणारी प्रत्येक तार एकाच ठिकाणी एकाच अर्थिंगला बांधलेली असावी म्हणजे दाब चढला तरी सगळीकडे सारखा चढेल.

यात एक प्रामाणिक गोष्ट सांगून ठेवतो. वीज थेट पाईपावर पडली तर रेडिओ वाचेल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. तेव्हा घर, माणसं आणि खालचं सामान वाचवायचं असतं. पण तुमचे तिन्ही रेडिओ तसे गेलेले नाहीत, आसपास पडलेल्या विजेने गेलेत, आणि ते बरंचसं टाळता येतं. म्हणून बसवणाऱ्याचं 'विजेपुढे कोण काय करणार' हे मला पटत नाही.

चुलत सासऱ्यांचं म्हणणं बरेच जण म्हणतात आणि त्यांना राग येईल असं बोलू नका, पण ते चूक आहे. वीज कुठे पडायची ते उंचीवर आणि आकारावर ठरतं, पाईप तर तुम्ही आधीच २० फूट उभा केलाय आणि तो ओल्या स्लॅबमधल्या सळ्यांना टेकलेलाच आहे. अर्थिंग नसेल तर वीज पडायची थांबत नाही, ती फक्त जमिनीत जायला तुमची लॅनची वायर, भिंत, घरातली वायरिंग असे रस्ते शोधते. आपण तिला घराच्या बाहेरून सरळ रस्ता देतो इतकंच.

तर पहिलं काम घरातली अर्थिंग. चांगल्या वायरमनला बोलवा आणि मीटर लावून तपासायला सांगा की बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकात खरंच अर्थ आहे का. खूप घरांत तिथे वायरच नसते. आणि याहून वाईट म्हणजे काही जण बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एक बारीक तुकडा टाकून जोडून देतात, टेस्टिंगला सगळं बरोबर दिसतं, पण डीपीकडून न्यूट्रल तुटला की फ्रिज, कॉम्प्युटरचा डबा, कूलर सगळ्याच्या अंगावर करंट येतो. असा तुकडा सापडला तर त्याच दिवशी काढायला लावा. अर्थिंगचा खड्डा नसेल तर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, कोळसा आणि मीठ घालून नीट करून घ्या, किंवा तयार केमिकल अर्थिंग मिळते ती. काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती पाईपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरती राहते, आणि वळीव येतो नेमका त्याच दिवसांत. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतत जा, हे काम पोरांना सोपवा.

मग स्लॅबवरचा पाईप. रेडिओ पाईपाच्या अगदी टोकाला बसवलेला असेल तर खाली घ्या, वर दोन-तीन फूट पाईप मोकळा राहू द्या. पाईपाच्या बुडाशी जीआयची पट्टी, २५ बाय ३ मिलिमीटरची, बोल्टने घट्ट आवळून घराच्या बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडपर्यंत न्या, काटकोनात दुमडू नका, हलकी वळणं द्या. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हा रॉड आणि घराच्या अर्थिंगचा खड्डा जमिनीतून एकमेकांना जोडा, १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर किंवा तीच पट्टी. 'डिशची अर्थिंग वेगळी ठेवलीय साहेब, घराला त्रास नको' असं मला मोठ्या अभिमानाने दाखवतात, आणि तेच तर दोन बैल दोन दिशांना. दोन खड्डे असू देत, चार असू देत, पण एकमेकांना बांधलेले पाहिजेत.

लॅन वायरला सर्ज प्रोटेक्टर लावा, अचानक आलेला धक्का अर्थकडे वळवणारी छोटी डब्बी असते, एका बाजूने वायर आत, दुसरीकडून बाहेर, आणि एक हिरवी अर्थची वायर. पीओई चालणारी घ्या नाहीतर रेडिओला पॉवरच जाणार नाही. एक वर रेडिओजवळ, तिची अर्थ पाईपाला, आणि दुसरी जिथे वायर घरात शिरते तिथे, तिची अर्थ घराच्या अर्थला. एकच परवडत असेल तर आधी खालची घ्या म्हणजे निदान राउटर-कॉम्प्युटर वाचेल. आता इथे एक गोष्ट मी इतक्या ठिकाणी बघितलीय की मुद्दाम सांगतो: डब्बीसोबत हिरवी वायर दीड-दोन मीटर येते, अर्थ पॉइंट असतो एका फुटावर, मग बसवणारा उरलेल्या वायरचं छान गोल वेटोळं करतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि भिंतीवर क्लिप मारतो. बघायला सुरेख. पण विजेचा धक्का इतका झटक्यात चढतो की त्याला सरळ मीटरभर वायरसुद्धा अडते, वेटोळं तर बंद दारासारखंच. डब्बी आहे, अर्थ आहे, आणि तरी राउटर जळतो तो असा. ती वायर कापून फूट-दीड फुटाची करायची.

वायर कोणती टाकलीय तेही बघा. एक टोक कापून आतल्या बारीक तारेवर ब्लेड घासा. लाल राहिली तर तांबं, पांढरी चकचकीत निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती बदलून टाका, वर पॉवर कमी पोचते आणि कनेक्टरपाशी दोन पावसाळ्यांत कुजते. बाहेरून काळं जाड कव्हर असलेली, आत फॉइल आणि एक मोकळी तार असलेली शिल्डेड वायर घ्या, आणि तिला कनेक्टरही लोखंडी टोपीचेच. शिल्डेड वायरला प्लास्टिकचा कनेक्टर लावला तर ते फॉइल हवेत लटकतं, पैसे वाया. ही वायर लाईटच्या सर्व्हिस वायरला टाय मारून एकत्र आणलेली असेल तर सोडवा, फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तिथे काटकोनात ओलांडा. घरात शिरायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, कनेक्टरकडे जाणार नाही.

लाईटच्या बाजूने मीटरजवळच्या मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, एसपीडी म्हणून मिळतो, तो वायरमनकडून बसवून घ्या. आपण जी लाल दिव्याची लांब एक्स्टेंशन वापरतो तिच्यावर भरवसा ठेवू नका, स्वस्तातल्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये नुसतं बटण आणि फ्यूज असतो, आणि खरा स्पाइक गार्ड असला तरी त्याच्या आतली चकती धक्के खाऊन खाऊन संपते, लाल दिवा मात्र लागतच राहतो.

जळालेलं सामान टाकून दिलं नसेल तर त्यावरून एक गोष्ट कळते. अ‍ॅडाप्टर मेला पण राउटरचे लॅन पोर्ट चांगले आहेत, तर मार लाईटकडून आला. अ‍ॅडाप्टर चालू आहे पण पोर्ट मेला, तर मार स्लॅबवरून वायरने आला. तुमचा कॉम्प्युटर चालतोय आणि फक्त लॅन पोर्ट गेलाय म्हणजे दुसरा प्रकार दिसतो. शिवाय वीज न चमकताच अ‍ॅडाप्टर, बल्ब, टीव्ही एकदम गेलं असं कधी झालं असेल तर ते विजेचं काम नाही, डीपीचा न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येतं. त्यासाठी लाईनमनला गाठून न्यूट्रल आवळून घेणं आणि घरी ओव्हरव्होल्टेज कट-ऑफ बसवणं, दोन्ही.

आता मोटरी. मोटर चालू झाल्यावर नेट तुटतं तेव्हा राउटरच्या दिव्यांकडे बघा, एवढंच करा आधी. सगळे दिवे विझून परत एकेक लागत असतील तर राउटर किंवा रेडिओ रिस्टार्ट होतोय, म्हणजे व्होल्टेज पडतंय. वस्तीवरची घरं बऱ्याचदा शेतीच्याच डीपीवर असतात, आणि थ्री फेज आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम उचलतात, प्रत्येक मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते, मग तुमच्याकडे बल्ब मंद होतो आणि अ‍ॅडाप्टर दम तोडतो. याला उपाय म्हणजे छोटा डीसी यूपीएस, राउटरला बहुतेक १२ व्होल्टचा लागतो, रेडिओच्या पीओईवर बहुतेक २४ किंवा ४८ लिहिलेलं असतं, ते वाचून तेवढ्याच व्होल्टचा घ्या, चुकीचा लावला तर रेडिओ जाईल.

पॉवरचा दिवा स्थिर आहे पण लॅनचा दिवा विझतो-लागतो, तर गडबड वायरमध्ये शिरतेय. घरात जुना बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर असेल तर तो मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन लागत नाही अशा जागी लावा आणि केबलच्या कडेकडेने फिरवा. जिथे खरखर वाढते तिथे चोर आहे, मग तो स्टार्टर असो, खराब चोक असो, नाहीतर स्वस्त एलईडी असो. आणि साधारण दर सेकंदाला टक... टक... असा ठोका ऐकू आला तर रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. त्याच्या तारेला गवत, ओली काडी टेकली की दर झटक्याला ठिणगी उडते आणि आसपासच्या लांब वायरींत ती गडबड शिरते. तारेखालचं गवत साफ करायचं, मशीनला स्वतःची वेगळी चांगली अर्थिंग, घराच्या खड्ड्यापासून लांब (ही एकच अर्थिंग आपण घराच्या अर्थला जोडायची नाही), आणि लॅनची वायर त्या कुंपणाला समांतर न्यायची नाही.

दोन्ही दिवे स्थिर असून नेट फक्त मोबाईलवर अडखळत असेल तर ते हवेतलं भांडण, राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा, सेंटरच्या कॉम्प्युटरला तर वायरच लावा, विषय संपला.

फायबर वस्तीपर्यंत आलं की जरूर घ्या, फायबर काचेचं असतं आणि काचेतून वीज येत नाही. पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या वायरीत ताण धरायला बऱ्याचदा एक स्टीलची तार असते, ती बाहेर भिंतीवरच हुकला थांबवून कापायला सांगा, मोडेमच्या डब्यापर्यंत आणू नका. आणि मोडेम लाईटवरच चालतो त्यामुळे घरातली अर्थिंग आणि मेन बोर्डातला एसपीडी तेव्हाही लागणारच, आज केलेला खर्च फुकट जात नाही. तोपर्यंत हवं असेल तर एक जोडी मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरमध्ये आणि फायबरचा परत लॅनमध्ये बदलणाऱ्या डब्ब्या) आणि चार-पाच मीटर फायबरची तयार वायर घेऊन पीओई आणि राउटर यांच्यामध्ये टाकता येते, स्लॅबवरून आलेला मार काचेपाशी थांबतो. लाईटच्या बाजूची वाट तरी राहतेच, पण तुमचे फॉर्म आणि पीक विम्याच्या पावत्या ज्या कॉम्प्युटरवर आहेत तो या बाजूने सुरक्षित होतो.

चौथा रेडिओ अर्थिंग झाल्याशिवाय वर चढवू नका, चार दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढा. बसवायला माणूस येईल तेव्हा स्वच्छ ऊन असलेला दिवस बघून बोलवा, तुम्ही स्वतः खाली उभ्या राहा, आणि त्याने हिरव्या वायरचं वेटोळं करायला घेतलं की पक्कड त्याच्या हातात द्या.